आठवड्यातून दोन तास फाटक उघडे ठेवा: पुण्यातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार व कार्यकारिणी सदस्य,
पुणे शहर व परिसरातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

कोथरूडमधील एका सोसायटीचा मी सहा वर्षे सचिव होतो. टँकरची बिले, लिफ्टची देखभाल, थकबाकीदारांना नोटिसा आणि पार्किंगवरून होणारी भांडणे यांत कार्यकारिणीचे दिवस कसे जातात हे मला ठाऊक आहे, आणि हे पत्र त्यात आणखी एका कामाची भर घालणार आहे, हेही आधीच कबूल करतो. मागणी छोटी आहे. आपल्या आवारात आठवड्यातून एक दिवस, दोन तास, पुणे जिल्ह्यात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना, घरगुती पदार्थ करणाऱ्या महिलांना आणि बचत गटांना विनाभाडे बसू द्यावे; आणि ही गोष्ट त्या-त्या वर्षीच्या सचिवाच्या मर्जीवर न ठेवता वार्षिक सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव करून ठरवावी.

हे सांगण्याचा मला फारसा अधिकार नाही, कारण ज्या नियमाविरुद्ध मी आज लिहीत आहे तो आमच्या सोसायटीत मीच लिहिला होता. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी सकाळी मुळशीच्या कोळवण खोऱ्यातून आलेल्या एक मावशी आमच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ आणि पायाशी दोन पिशव्या. एकीत कुरडू, टाकळा आणि भारंगीच्या ओल्या जुड्या होत्या, दुसरीत दहाएक किलो इंद्रायणी तांदूळ. तांदूळ आमच्याच इमारतीतल्या एका घराने मागवला होता. तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाई या मावशींच्या नात्यातल्या. पण त्या घरातले कोणी फोन उचलत नव्हते, आणि सुरक्षारक्षकाने 'फेरीवाले व विक्रेते यांना आवारात सक्त मनाई' या पाटीकडे बोट दाखवले. पाटीवरचा 'सक्त' हा शब्द माझाच. मी तिसऱ्या मजल्यावर चहा पीत हे पाहत होतो. मावशी पाऊण तास पावसात उभ्या राहिल्या आणि तेवढ्या वेळात दहा मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या कंपन्यांची मुले मोबाईलवरच्या एका परवानगीने आत-बाहेर करत राहिली. त्यातल्या एकाच्या पारदर्शक पिशवीत मेथीची जुडी होती, तीही आमच्याच मजल्यावर आली. मी खाली उतरेपर्यंत मावशी निघून गेल्या होत्या. रानभाजी त्यांनी समोरच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकली होती आणि तांदूळ पुन्हा उचलून पौड फाट्याच्या बसथांब्याकडे नेला होता.

त्या मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही. तीही पोटासाठीच पळतात. प्रश्न एवढाच आहे की आपल्या नियमांनी 'विक्रेता' या एका शब्दात कोणाकोणाला कोंबले आहे, आणि जो खरोखर विक्रीचा धंदा करतो तो मोबाईलच्या वाटेने बिनदिक्कत आत येत असताना स्वतः पिकवलेले घेऊन आलेले माणूस तेवढे बाहेर का राहते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीन, फार जुनी गोष्ट नाही, काल-परवापर्यंत शेतीच होती. १९९७ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३. २०१७ च्या अकरांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन नंतर वेगळी झाली. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे हे तिथे रोज कामाला जाणाऱ्या कित्येकांच्या ध्यानातही नसेल. शहराने गावे पोटात घेतली ती आता परत करता येणार नाहीत, आणि तशी मागणीही नाही. परंतु त्या गावांच्या पलीकडे अजून जे पिकते आहे, त्याचे सर्वांत जवळचे गिऱ्हाईक आपणच आहोत.

बाजार समितीच्या वाटेने भाजी कशी येते हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हवेली किंवा दौंडकडचा शेतकरी कोथिंबीर दुपारनंतर उपटतो, जुड्या बांधतो, रात्री टेम्पोत चढवतो आणि पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरवतो. तिथे फळभाजीचा भाव दहा किलोवर निघतो आणि पालेभाजीचा शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर. शनिवारी बाजार बंद असतो म्हणून रविवारी आवक फुगते आणि भाव बसतो. विक्री झाल्यावर आडत्याकडून, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडून, शेतकऱ्याच्या हाती येते ती पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी. उरुळी कांचनकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला आपली पट्टी दाखवली होती. त्या दिवशी कोथिंबिरीचा शेकडा आठशे रुपयांना गेला होता, म्हणजे जुडी आठ रुपयांना, आणि त्यातून टेम्पोचे भाडे व हमाली वजा होती. त्याच दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरून एक जुडी तीस रुपयांना घेतली होती. मधले बावीस रुपये कोणी लुटले असा माझा आरोप नाही. हमालाने ओझे वाहिले, किरकोळ विक्रेत्याने संध्याकाळपर्यंत सुकणाऱ्या मालाची जोखीम घेतली, गाळ्याचे किंवा हातगाडीचे भाडे भरले. शेतकऱ्याचे मात्र असे आहे की भाव वीस जुड्यांचा असो वा दोन हजारांचा, तो त्याने कधी सांगायचाच नसतो. त्याला तो कळवला जातो.

या साखळीला पर्याय काढण्याची मुभा कायद्याने केव्हाच दिली आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्याच सुमारास शेतकऱ्याकडून घेतली जाणारी आडत, म्हणजे आडत्याची दलाली, खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले, आणि कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही सुरू केले. आठवडे बाजार चांगलेच आहेत. तरीही मोकळ्या मैदानांची पुण्यात काय स्थिती आहे हे मी सांगायला नको, आणि ज्या सोसायट्यांत चारशे-पाचशे घरे एका फाटकाआड राहतात तिथे मैदान शोधण्याची गरजही नाही. क्लबहाऊससमोरची फरसबंदी रविवारी सकाळी सात ते नऊ रिकामीच असते.

आता अंजिराविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण हा बाजार दाराशी का हवा हे अंजिराइतके स्पष्ट दुसरे कोणतेही फळ सांगत नाही. दिवे घाट चढून वर गेले की दिवे, सोनोरी आणि आसपासच्या गावांत अंजिराच्या बागा लागतात. पुरंदरच्या या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट भागातल्या मालाला मिळणारी अधिकृत ओळख, मिळाले. झाडाला खट्टा आणि मीठा असे दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, धरतात. उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा मीठा बहार गोडीला सरस. आंबा कच्चा उतरवून अढीत घालता येतो, केळी वखारीत पिकवता येतात. अंजीर मात्र झाडावरच पिकावे लागते, तोडल्यावर ते फक्त मऊ पडते, गोड होत नाही. म्हणून तोडणी पहाटे, उन्हाच्या आधी होते. देठातून पांढरा चीक निघतो तो बोटांना झोंबतो, त्यामुळे तोडणाऱ्या बायका हाताला फडकी गुंडाळतात. फळे अंजिराच्याच पानांवर एकेक करून मांडायची, एकावर एक फार रचायची नाहीत, कारण खालच्याची साल फाटली की रस सुटतो आणि चिलटे येतात. सकाळी सहाला तोडलेले फळ दुपारी बारापर्यंत खाणाऱ्याच्या हातात पडले तर त्याची चव वेगळी, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडले तर वेगळी. सासवड ते हडपसर अंतर ते किती! तरीही बहुतेक पुणेकरांनी खरे पिकलेले अंजीर खाल्लेलेच नाही, कारण लांबच्या बाजाराचा विचार करणारा बागायतदार ते नाइलाजाने थोडे आधी तोडतो. मांजरी, उंड्री, कोंढवा या भागातल्या सोसायट्यांनी मीठ्या बहाराच्या दोन महिन्यांत आठवड्याचा एक वार ठरवला आणि आदल्या रात्री मागणी कळवली, तर त्या बागायतदाराला फळ आणखी एक दिवस झाडावर ठेवता येईल. सीताफळाचेही असेच. डोळे उघडलेले, म्हणजे खवल्यांमधल्या रेषा रुंदावून पिवळसर झालेले फळ तोडले तर ते दोन दिवसांत पिकते. एरवी वरून काळे आणि आतून दगड.

तांदळाची गोष्ट निराळी, तो टिकतो. तिथे अडचण विश्वासाची आहे. मुळशीच्या आंबेमोहोरालाही २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले, पण दुकानात त्या नावाने जो तांदूळ मिळतो तो बऱ्याचदा आंध्र किंवा मध्य प्रदेशातून आलेला, दिसायला तसाच बारका असा दुसराच वाण असतो. खरा आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो आणि उतारा कमी देतो, म्हणून शेतकऱ्यांनी तो हळूहळू सोडला. त्याची जागा घेतली ती इंद्रायणीने. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि भरघोस उतारा देणारा आयआर ८ या वाणांच्या संकरातून हा वाण तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. वास आईचा, उतारा बापाचा, असे मावळातले एक काका मला म्हणाले होते. जी भातखाचरे एके काळी आंबेमोहोरासाठी नावाजलेली होती त्यातली पुष्कळशी मुळशी धरणाखाली गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला तो याच जमिनींसाठी. उरलेल्या खोऱ्यांत आता भाताच्या बांधाशेजारी फार्महाऊसच्या कुंपणाच्या भिंती दिसतात. अशा परिस्थितीत कोणी पाऊण एकरात हौसेने किंवा हट्टाने आंबेमोहोर लावत असेल, तर त्याला विकत घेणारी पन्नास घरे आधीच ठाऊक असायला हवीत. भात गिरणीतून काढला की शंभर किलोचे साठ-पासष्ट किलो तांदूळ उरतात. हा हिशेब समोर मांडला की किलोचा भाव ऐकून कपाळाला आठ्या घालणारे सभासदही गप्प होतात, असा माझा अनुभव आहे. सगळे नव्हे, पण बरेचसे.

आता घरी पदार्थ करणाऱ्यांकडे वळतो, कारण सोसायट्यांचे नियम शेतकऱ्यापेक्षाही यांना अधिक जाचतात, आणि यातल्या काही जणी तर आपल्याच इमारतींत राहतात. गव्हाच्या कुरडया कशा होतात हे आठवून पाहा. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक गाळून काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे आणि मग मोठ्या पातेल्यात तो शिजवताना दोघींनी आळीपाळीने ढवळत राहायचे, कारण हात थांबला की गुठळी झाली. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो आणि त्यानंतर लागते ते एप्रिल-मेचे कडक ऊन. ऊन गच्चीवर असते, आणि गच्चीला आपण कुलूप घातलेले असते. सौर पॅनेल आहेत, टाक्या आहेत, कोणी वाकून पडेल, ही कारणे मीही दिली आहेत. शेवटी एका सभासद वहिनींनी, ज्यांचे घर याच वाळवणावर चालत होते, कुरडया पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या कवडशात वाळत घातल्या. दुपारी गाडी काढताना कोणाच्या तरी चाकाखाली साडीचा पदर आला आणि चार किलो गव्हाचे काम वाया गेले. त्यावर आमच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर चर्चा झाली ती पार्किंगच्या गैरवापराची. उन्हाळ्याचे सहा आठवडे, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, नाव लिहून सही करून गच्चीची किल्ली द्यायला आपल्याला काहीही खर्च येत नाही.

गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या आधी बहुतेक मोठ्या सोसायट्या खाण्यापिण्याचे स्टॉल लावतात. एका सोसायटीत मी पाहिले, टेबलाचे एका संध्याकाळचे भाडे दोन हजार रुपये होते. ते परवडले कोणाला, तर तयार पिठाचे मोमो आणि रंगीत सरबते विकणाऱ्या कंत्राटदाराला. चाळीस पाकिटे भाजणीची चकली घेऊन बसणाऱ्या बाईंची त्या दिवशीची सगळी विक्री झाली तरी भाडे जाऊन हाती उरते ते तेलाच्या पैशांपुरते. सोसायटीच्या ताळेबंदात हे भाडे किती मोठे दिसते? आमच्या ताळेबंदात ते वर्षाच्या वीजबिलाच्या तुलनेत शोधून काढावे लागत असे.

आणखी एक साधी गोष्ट कार्यकारिणीच्या थेट हातात आहे. वार्षिक सभेचा अल्पोपाहार, कर्मचाऱ्यांना दिवाळीला द्यायचे फराळाचे खोके, कोजागरीचे दूध आणि भेळ ही सगळी खरेदी आपणच करतो. पुणे जिल्ह्यात बचत गट भरपूर आहेत, शहरातही पोळीभाजी केंद्रे गल्लोगल्ली आहेत. शंभर खोक्यांची मागणी दसऱ्याच्या आत दिली आणि निम्मे पैसे आगाऊ दिले तर कोणताही गट ती पुरी करू शकतो. दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन करून 'होईल का हो' असे विचारले तर नाही होत, आणि मग आपण म्हणतो की या लोकांना व्यवसाय करता येत नाही.

परवान्याचा प्रश्न हटकून निघतो, म्हणून त्याविषयी नेमके लिहितो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की शेतकरी आणि त्याने शेतावर पिकवलेला माल यांना हा कायदा लागू नाही. त्यामुळे मेथी, तांदूळ किंवा अंजीर घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडे अन्न परवाना मागणे चुकीचे आहे. पापड, लोणची, चकली, डबे करणाऱ्यांना नोंदणी आवश्यक आहे, आणि ती असावीच. लहान उत्पादकांची ही नोंदणी ऑनलाइन होते, शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, आणि मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो. तो पाकिटावर पाहून घ्यावा. ज्यांच्याकडे तो नाही त्यांना परत पाठवण्याआधी आपल्यातल्या एखाद्या निवृत्त सभासदाने संगणकापुढे बसून अर्ज भरून द्यावा, असे मी सुचवेन. आमच्याकडे एका माजी बँक अधिकाऱ्याने असे सात अर्ज भरून दिले आणि त्यांचा संधिवातही तेवढा वेळ दुखत नसे, असे त्यांच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

आता आमची फजितीही सांगितली पाहिजे. त्या पावसाळी रविवारनंतर मी अपराधी मनाने धडाक्यात सुरुवात केली. व्हॉट्सॲप गटावर मागणी नोंदवली, बेचाळीस घरांनी मेथी, पालक, वांगी लिहिली, शेतकरी पहाटे टेम्पो भाड्याने करून आला, आणि नऊ वाजेपर्यंत खाली उतरली एकोणीस घरे. बाकीच्यांना रविवारची झोप, मुलांचा पोहण्याचा वर्ग किंवा नुसताच विसर आडवा आला. शेतकऱ्याने उरलेला माल कर्वे रस्त्याच्या कडेला निम्म्या भावात काढला आणि पुन्हा आला नाही. त्यानंतर आम्ही शहाणे झालो आणि मागणीबरोबर पैसेही आदल्या रात्रीच घेऊ लागलो. पैसे भरलेले असले की माणूस रात्रपाळी करून आलेला असला तरी खाली उतरतो. पुढे कोणी आलेच नाही तर पिशवी सुरक्षारक्षकाकडे ठेवायची, आणि बाराच्या पुढे ती त्यांची. या एका कलमाने उपस्थिती विलक्षण सुधारली.

दुसरी चूक अशी की 'शेतकरी ते ग्राहक' अशी पाटी लावून आलेल्या पहिल्याच टेम्पोवर आम्ही विश्वास ठेवला. त्याच्याकडे बाराही महिने सगळे असे. वैशाखात फ्लॉवर, श्रावणात गाजर, शिवाय सफरचंद. तो माल मार्केट यार्डातून उचललेला होता. त्याने चोरी केली नव्हती, व्यापार केला होता. पण त्यासाठी आमच्या कोपऱ्यावरचे भाजीवाले काका होतेच, आणि त्यांचे गिऱ्हाईक तोडण्याचे आम्हाला काही कारण नव्हते. खरा शेतकरी ओळखायला प्रमाणपत्र लागत नाही. 'पुढच्या आठवड्यात काय आणाल?' असे विचारावे. तो सांगेल, वांगी अजून पंधरा दिवस चालतील, गवार संपत आली, पाऊस लागून राहिला तर मेथीचे काही खरे नाही. व्यापारी सांगेल, तुम्ही म्हणाल ते. याच कारणासाठी सेंद्रिय आहे का, याची उलटतपासणीही पहिल्या दिवशीच करू नये. काय फवारले आणि तोडणीच्या किती दिवस आधी फवारले, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत माणूस आपणहून सांगू लागतो. शक्य असेल तर वर्षातून एकदा सभासदांची एक गाडी त्या शेतावर घेऊन जावी, आणि हुरड्याची सहल समजून तिथे फुकट जेवायची अपेक्षा ठेवू नये.

निवड कोणी करायची, यावर माझे मत थोडे वेगळे आहे. आपण समित्या नेमतो तेव्हा त्यांत अभियंते असतात, सनदी लेखापाल असतात. पण धान्य आणि पीठ कळते ते आपल्या घरांत पोळ्या-भाकऱ्या करणाऱ्या मावशींना. आमच्याकडच्या एक मावशी ज्वारीचे पीठ चिमटीत धरून, दोन थेंब पाणी घालून बोटांनी मळून पाहतात आणि विरी, म्हणजे पिठाची चिकटाई, गेली आहे की नाही ते सांगतात. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते, हे पाकिटावरच्या तारखेवरून कळत नाही. तांदूळ नवा की जुना, हे त्या दोन दाणे दाताखाली धरून ओळखतात. बाजार सुरू करताना पहिल्या दोन-तीन वेळा अशा एखाद्या मावशींना बोलवावे, त्यांच्या एका तासाचे पैसे द्यावेत आणि त्यांचा शब्द मानावा. त्यांची स्वतःची चटणी किंवा मसाला विकण्याची इच्छा असेल तर एक टेबल त्यांनाही मिळावे. ज्या बाई रोज सात घरांचा स्वयंपाक करतात त्यांना आपल्या हातच्या पदार्थाची किंमत स्वतः ठरवण्याची संधी आपल्या आवारात आजवर मिळालेली नाही.

सुरक्षेचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण नाव, गाव, फोन क्रमांक आणि वाहन क्रमांक लिहून घेतलेली, दर आठवड्याला त्याच वेळी येणारी सहा माणसे ही रोज बदलणाऱ्या शंभर अनोळखी चेहऱ्यांपेक्षा अधिक ओळखीची असतात. कचऱ्याचे म्हणाल तर पाला-पाचोळा ज्याचा त्याने नेला तर उत्तम, आणि सोसायटीचे खत होत असेल तर आपणच ठेवून घ्यावा. भाव कमी होईल अशी आशा सभासदांना दाखवू नका. काही गोष्टी स्वस्त पडतात, काही महाग, आणि घासाघीस करणाऱ्या आजोबांना दोन आठवड्यांत आपोआप समज येते. एक विनंती मात्र कळकळीची आहे: प्यायचे पाणी आणि तळमजल्यावरचे स्वच्छतागृह त्या दोन तासांत बिनविचारता उघडे ठेवा. पहाटे तीनला घर सोडलेल्या बाईला ते मागावे लागू नये.

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून विषयपत्रिकेत घालण्यासाठी ठरावाचा मसुदा इथेच देतो. शब्द आपापल्या सोयीने बदलावेत, फक्त 'विनाभाडे' हा शब्द काढू नये.

'ठरविण्यात येते की, संस्थेच्या आवारातील मोकळ्या जागेत दर रविवारी सकाळी ७ ते ९ या वेळेत पुणे जिल्ह्यातील शेतकरी, महिला बचत गट व घरगुती खाद्यपदार्थ उत्पादक यांना विनाभाडे विक्रीस परवानगी देण्यात यावी. सभासदांनी मागणी व रक्कम आदल्या दिवशी रात्री ८ पर्यंत नोंदवावी. विक्रेत्यांना पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह उपलब्ध करून द्यावे. १ एप्रिल ते १५ मे या काळात वाळवणासाठी गच्चीची किल्ली नोंदवहीत सही घेऊन द्यावी. आणि ही परवानगी बंद करावयाची झाल्यास विक्रेत्यांना किमान चार आठवडे आधी लेखी कळवावे.'

शेवटचे कलम मुद्दाम घातले आहे. कार्यकारिणी बदलली की आदल्या रात्री निरोप पाठवून असे उपक्रम बंद केलेले मी पाहिले आहेत, आणि तोवर पालक उपटून झालेला असतो.

आपला,
कोथरूडमधील एका सोसायटीचा माजी सचिव

ता. क.: दिवाळीनंतर नवा इंद्रायणी येऊ लागेल. नव्या तांदळाला पाणी कमी लागते. जुन्याच्या अंदाजाने घातले तर गुरगुट्या भात होतो आणि दोष शेतकऱ्याला जातो. वाटीला दीड वाटीने सुरुवात करावी, आणि अंदाज चुकलाच तर त्या दिवशी मेतकूट आणि तूप घेऊन बसावे.